बिडाची साक्ष

शर्यतीच्या जुन्या मोटारींचा जो मोठा बाजार विलायतेंत व अमेरिकेंत भरतो, त्यांतले जाणते गिऱ्हाईक गाडीच्या रंगावर किंवा तिच्या चकाकणाऱ्या दिव्यांवर भुलत नाहींत. ते आधीं वांकून पाहतात तें इंजिनच्या बिडाच्या ठोकळ्याकडे. हा ब्लॉक मूळचा कीं मागाहून बसविलेला, या एका प्रश्नावर गाडीची किंमत कितीतरी वरखालीं होते. माझ्या आयुष्याचीं बरींच वर्षें ओतकामाच्या भट्टीजवळ गेलेलीं असल्यामुळें लोखंडाचा हा मानमरातब पाहून मला मनांतून बरें वाटतें, हें कबूल केलें पाहिजे. पण त्याहून अधिक वाटतें तें कुतूहल. ओतीव लोखंडाचा एक तुकडा 'तो मीच' असें म्हणत पुढें येतो, तेव्हां त्याची साक्ष तपासावयाची कशी?

ब्लॉकवर दोन तऱ्हेचें लिखाण असतें. एक उठावाचें. तें लांकडी पॅटर्नवरच कोरलेलें असतें आणि लोखंड ओततांना जन्माबरोबरच अंगावर येतें. दुसरें पंचानें ठोकलेलें. तें मागाहून, यंत्रकाम झाल्यावर. पहिलें म्हणजे जणुं अंगावरची जन्मखूण, आणि दुसरें बारशाचें नांव. शेव्हरोले कंपनीच्या जुन्या ब्लॉकांवर उठावाच्या अक्षरांत ओतल्याची तारीखहि सांपडते. महिन्यासाठीं एक इंग्रजी अक्षर, जानेवारीला 'ए', फेब्रुवारीला 'बी' असें. पुढें दिवस आणि मग सालाचा शेवटचा अंक. या खुणेचा उपयोग उघड आहे. गाडी मार्चमध्यें कारखान्याबाहेर पडली आणि तिच्यांतला ब्लॉक मे महिन्यांत ओतलेला निघाला, तर पुढें कांहीं बोलावयास नको.

लबाडी करणारालाहि हें ठाऊक असतें. तो त्याच पॅटर्नचा, जुळत्या तारखेचा एखादा सामान्य ब्लॉक शोधून आणतो, त्यावरचा ठोकलेला क्रमांक घांसून काढतो आणि हवा तो क्रमांक नव्यानें ठोकतो. परंतु लोखंडाची स्मृति दांडगी असते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कारखान्यांत एका मोठ्या दातेरी हत्याराच्या एकाच ओढींत तासला जाई, आणि त्यावर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत बारीक समांतर रेषा उमटत. क्रमांकाची पट्टी याच पृष्ठभागावर, उजव्या मस्तकाच्या किंचित् पुढें असते. अंक आहेत पण त्यांच्याखालच्या रेषा नाहींत, असें दिसलें कीं परीक्षकाची भुंवई वर चढते. शिवाय पंच ठोकतांना अंकाखालचें लोखंडहि दबलेलें असतें. वरचा थर काढून टाकला तरी तेजाब लावल्यावर जुना अंक पुसट कां होईना, कधीं कधीं वर येतो. तथापि येथें एक सावधगिरी हवी. प्रामाणिक मालकानेंहि दुरुस्तीच्या वेळीं ब्लॉकचा माथा पुन्हां तासून घेतलेला असूं शकतो, आणि मग रेषा आणि अंक दोन्ही जातात. उलट, हुशार लबाड त्या रेषाहि नव्यानें काढतो. तेव्हां रेषा नसणें हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे आणि रेषा असणें ही निर्दोषपणाची खूण नव्हे. परीक्षकांमध्यें जे घाईचे असतात, ते नेमके येथेंच फसतात.

मला स्वतःला अंकांपेक्षां लोखंडाचें अंग वाचावयास अधिक आवडतें. कोल्हापुरास ओतकाम करणारे एक जुने मिस्त्री होते. कोणताहि ब्लॉक समोर आला कीं प्रथम ते त्यावर लहानशी हातोडी मारून कान देत. तडा असला तर आवाज बसका येई. मग पाण्याच्या पोकळींत बोट घालून आंतला पोत चांचपत, आणि भिंत एका बाजूस जाड व दुसरीस पातळ लागली तर म्हणत, "साहेब, कोर हलला होता बघा." वाळूचा पोत, कोर बसविण्याची पद्धत, दोन पेट्यांच्या सांध्याची रेघ, हीं त्या त्या ओतशाळेचीं वळणें असतात, ज्याला तीं ओळखतां येतात त्याला अंक फसवूं शकत नाहींत. त्यांतून ब्लॉक खरोखरीच शर्यतींत झिजलेला असेल तर तो धड असणेंच कठीण! तुटलेला दांडा कुशींतून बाहेर पडून भगदाड झालेलें, तें ठिगळ लावून बुजविलेलें, आंत नवे नळ बसविलेले, असेच बहुधा त्याचे अवशेष असतात. अंगावर एकहि व्रण नसलेला योद्धा पाहिला म्हणजे मला तो लढला होता कीं नाहीं याचीच शंका येते.

परंतु हा सारा विचार कारखान्यानें व शर्यतवाल्यांनीं आपापल्या नोंदी सरळपणें ठेविल्या होत्या असें धरून चालला आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. शर्यतींचे चमू गाड्या घेऊन देशोदेशीं हिंडत. एखादी गाडी मोडली आणि परवाना तिच्याच नांवाचा असला, तर दुसऱ्या गाडीला पहिलीची क्रमांकपट्टी लावून जकातनाका ओलांडण्याचा प्रकार कांहीं दुर्मिळ नव्हता. त्यांना रविवारची शर्यत गांठावयाची होती, संग्रहालय भरावयाचें नव्हतें. त्या घाईचा निकाल आज आपण भिंगें लावून करीत बसलों आहों.

या साऱ्या वादाचा कळस पाहावयाचा असेल तर तो बेंटलेच्या 'ओल्ड नंबर वन' या गाडीच्या कथेंत. फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९२९ सालीं वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनीं ही गाडी हांकून पहिला क्रमांक मिळविला. १९३० सालीं बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनीं तिच्यावरच पुन्हां तोच पराक्रम केला. तिचें इंजिन सहा नळकांड्यांचें, ६५९७ घन सेंटिमीटरचें. बेंटलेची रचना अशी कीं मस्तक आणि नळकांडीं एकाच ओतकामांत, एकसंध. मध्यें सांधा नाहीं, म्हणून सांध्यांतून फुटण्याची धास्ती नाहीं. पण व्हाल्व्हचें काम काढावयाचें तर अख्खा ब्लॉक उचलून वर घ्यावा लागे. असा ब्लॉक ओतणें हें सोपें काम नव्हे, हें मी माझ्या अनुभवावरून सांगूं शकतों.

१९३२ सालीं त्या गाडींत आठ लिटरचें इंजिन बसविलें गेलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतींत ती वळणाच्या उंच कडेवरून पलीकडे गेली, आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागच्या जागीं ठार झाला. पुढें तिला पुन्हां उभी करून तिच्यावर बंदिस्त टप चढविण्यांत आला. बऱ्याच वर्षांनीं एका मालकानें ती पुन्हां शर्यतीच्या वेषांत आणली आणि सुमारें एक कोटि पौंडांना विकावयास काढली. घेणाऱ्या कंपनीनें पुढें 'ही ती गाडीच नव्हे' असें म्हणून हात आंखडला, आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयांत गेलें. १९९० सालीं न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल दिला. १९२९ सालीं धांवलेल्या लोखंडापैकीं तिच्यांत जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें, हें त्यांनीं मानलें. तरीहि तिचा इतिहास कोठें तुटला नाहीं, एक भाग जाऊन दुसरा येत असतां ती सतत तीच गाडी म्हणून नांदली, म्हणून तें नांव धारण करण्याचा तिला अधिकार आहे, असा त्यांचा निर्णय झाला. विकणारा जिंकला.

कित्येकांना हा निकाल वकिली कसरत वाटला. मला तो पटतो. माझ्या एका स्नेह्याच्या घरीं त्याच्या आजोबांचा मिरजेचा तंबोरा आहे. तारा किती वेळां बदलल्या याची गणना नाहीं, जवारी अनेकदां काढली, आणि एकदां भोपळा फुटला तेव्हां तोहि नवा बसविला. तरी घरांत त्याला कोणी नवा तंबोरा म्हणत नाहीं, आणि म्हणूंहि नये. मात्र हाच न्याय ब्लॉकला लावूं गेलें तर मी अडतों. गाडी म्हणजे एक घराणें आहे. माणसें येतात, जातात, घराणें चालू राहतें. ब्लॉक हा त्यांतला एक माणूस. तो एकाच दिवशीं, एकाच ओतींत जन्माला येतो. त्याच्या जागीं दुसरा आला तर वारसा चालेल, पण गेलेला परत आला असें कोणीं म्हणूं नये.

आणि आज हा प्रश्न केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. जुन्या बेंटलेंच्या ब्लॉकांच्या पाण्याच्या पोकळ्या गंजून पोखरल्या आहेत, त्यामुळें इंग्लंडांत तसेच नवे ब्लॉक ओतले जातात, आणि ते बसवून गाड्या खुशाल धांवतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. गाडी धांवण्यासाठींच असते. अडचण पुढें येते. जुना ब्लॉक उतरवून कोठींत ठेवला, नव्यावर जुन्याचाच क्रमांक ठोकला, आणि दहा वर्षांनीं कोठींतल्या त्या जुन्या ब्लॉकभोंवतीं कोणी दुसरी गाडी बांधली, म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या कागदपत्रें हातांत घेऊन बाजारांत उभ्या राहतात, आणि दोघींनाहि सर्वस्वी खोटें ठरवितां येत नाहीं. भावाभावांच्या वांटणीचे खटले पाहिलेल्या माणसाला यांत नवल वाटणार नाहीं.

म्हणून नवा ब्लॉक ओतणारानें पॅटर्नवरच सालाचे अंक कोरावे, असें माझें म्हणणें आहे. उठावाचे, ठसठशीत, आणि पाण्याच्या पोकळीच्या अशा बाजूस कीं तेथें कानस पोंचवावयाची तर आधीं ब्लॉकच फोडावा लागेल. मालकाला तें रुचणार नाहीं. ओतणाराला कदाचित् दोन गिऱ्हाइकें गमवावीं लागतील. पण पॅटर्न करणाऱ्या सुताराला त्यासाठीं फार तर अर्ध्या दिवसाची मजुरी ज्यास्त द्यावी लागेल.