मधल्या माणसाचं मौन

घानाच्या लेखिका अमा आता आयडू यांनी ‘द डिलेमा ऑफ अ घोस्ट’ हे नाटक विद्यार्थिदशेत लिहिलं. १९६४ साली ते रंगमंचावर आलं. अमेरिकेत शिकलेला आतो तिथल्या युलालीशी लग्न करून मायदेशी परततो. युलालीही काळीच, तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. तिला वाटतं, आपण आपल्याच माणसांत आलो. घरच्यांना वाटतं, पोरानं गुलामांची लेक आणली!

सासू मायेनं गोगलगायी पाठवते. तिकडचं ते आवडीचं खाणं. युलालीला मात्र किळस येते. पुढे मूल होत नाही म्हणून नातेवाईक झाडपाल्याचा इलाज घेऊन येतात. वास्तविक इतक्यात मूल नको, हे नवराबायको दोघांनी ठरवलेलं. पण आतो घरात ब्र काढत नाही.

मला खरा कसूरवार आतोच वाटतो. दोन्हीकडची भाषा आणि रीत फक्त त्याला कळते, अन् तोच खामोश राहतो.

मी उर्दू शाळेत शिकवते. मराठीतलं सरकारी पत्रक पालकांना आणि पालकांची तक्रार साहेबांना समजावून सांगणं माझ्याकडेच येतं. कधी एखादं कडू वाक्य गाळावंसं वाटतं. तेव्हा या नाटकाचा शेवट आठवतो. खरं काय ते कळल्यावर सासूच सुनेला आधार देत घरात नेते. अंगणात उरतो तो एकटा आतो.