बारा चित्रांचा बिबट्या

इंकस्केपमध्ये टाइमलाइन नसते. ॲनिमेशनचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला सांगितलं की मी इंकस्केपमध्ये ॲनिमेशन करतो, तर तो आधी हसतो आणि मग दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव सुचवतो. इंकस्केप हे चित्रं काढायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००३ पासून जगभरातले लोक हौसेनं ते घडवताहेत. लोगो, लग्नपत्रिका, फ्लेक्स, नकाशे अशा जागच्या जागी थांबणाऱ्या गोष्टींसाठी ते आहे. हलणं हे त्याचं कामच नाही. तरी गेली काही वर्षं मी त्यातच हलणारी चित्रं करतो. आठवडाभर खराडीत बसून दुसऱ्याच्या सर्व्हरची काळजी वाहायची, आणि शनिवारी शिरूरला घरी आलो की माळवदावर लॅपटॉप उघडून पायाच्या चार चित्रांतून पाऊल उचललं जातंय का ते बघायचं.

पद्धत अगदी साधी आहे. एका लेयरवर पहिलं चित्र काढायचं. लेयर म्हणजे काचेसारखा आरपार दिसणारा कागद समजा. त्याची नक्कल करायची, खालच्या मूळ चित्राची अपारदर्शकता पाव करायची, म्हणजे ते भुतासारखं मागे दिसत राहतं. मग वरच्या नकलेतले बिंदू धरून थोडे थोडे सरकवायचे. व्हेक्टर चित्रात रेषा म्हणजे शाई नसते. काही बिंदू आणि त्यांच्यामधून जाणारा वक्र, एवढंच असतं. त्यामुळे पुढचं चित्र नव्यानं काढावं लागत नाही, आधीचं ढकललं जातं. असं दहा-बारा वेळा केलं की प्रत्येक लेयर वेगळं चित्र म्हणून बाहेर काढायचा आणि सगळी चित्रं ओळीनं जोडून जिफ किंवा व्हिडिओ बनवायचा. हे शेवटचं काम मी चार ओळींच्या स्क्रिप्टवर सोपवलंय. त्यात एकच मेख आहे. प्रत्येक चित्र पूर्ण पानाच्या मापानंच बाहेर काढ, असं प्रोग्रामला बजावावं लागतं. नाहीतर तो प्रत्येक चित्र त्याच्या कडांपर्यंत कापतो आणि चालणारा प्राणी हिवताप भरल्यासारखा थरथरतो.

सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. एकच चित्र दोन चौकटी दाखवलं तर सेकंदाला बारा चित्रं पुरतात आणि डोळा तक्रार करत नाही. बारा चित्रं म्हणजे एक सेकंद. हा हिशेब एकदा अंगात मुरला की सेकंद ही मोठी वस्तू वाटायला लागते.

आपल्याकडे या धंद्याची सुरुवातच मुळी एका कुंडीपासून झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप लावून त्याची दिवसेंदिवस एकेक चौकट टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ तयार केली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करायचा होता, आणि पैसेवाल्याला पटवायला हेच उपयोगी पडलं. पुढे त्यांनी आगकाड्या हलवूनही एक छोटी फिल्म केली. मला यातलं चमत्काराचं अप्रूप कमी आणि दिनक्रमाचं जास्त आहे. रोज उठून, त्याच जागेवरून, त्याच रोपाकडे बघायचं. कालच्यापेक्षा आज काय बदललं, एवढाच प्रश्न.

मी बिबट्याकडे वळलो तो मात्र हौसेनं नाही.

शिरूर तालुक्याचा घोड-कुकडीकडचा भाग कालव्यांचं पाणी आल्यापासून उसाचा झाला. ऊस वर्षभर उभा, आत सावली, ओल, डुकरं, कडेला वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? तो इथे आता पाहुणा नाही, उसात जन्मलेला आहे. तोडणीवाल्यांना सरीत बछडी सापडतात, वनखात्याची माणसं येतात, बछडी खोक्यात घालून तिथेच ठेवतात आणि रात्री आई येऊन ती घेऊन जाते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून मोजणी केली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले, तेही दाट मनुष्यवस्तीत. वर्षानुवर्षं दोघंही एकमेकांना टाळून जगत होते, म्हणून आम्हालाही त्याचं फार काही वाटत नव्हतं. मग २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड आणि जांबूत या गावांत तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यांतली दोन मुलं होती. रस्ते अडवले गेले, शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. शेतात जाताना बायाबापड्यांनी गळ्यात खिळे लावलेले पट्टे घातले. ते फोटो सगळ्या देशानं पाहिले.

त्याच दिवसांत मोबाइलवर दुसरा बिबट्या मोकाट सुटला. एआयनं बनवलेला. कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्यात, कुणाच्या गाडीवर बसलेला. ‘आत्ता आपल्या गावात’ असं खाली लिहिलेलं. आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकाच रात्री चार आले. एकाला पाच पाय होते, पण त्या वेळी पाय मोजायला कोण बसतंय? लोक काठ्या घेऊन बाहेर पडायचे, आणि त्या गोंधळात खरा बिबट्या जवळपास असता तर त्याचं काय झालं असतं आणि लोकांचं काय झालं असतं, कोण जाणे.

माझी ताई दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालं की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, मध्ये नदी, पलीकडे गुऱ्हाळांचा धूर आणि पुन्हा ऊस. बिबट्याला तालुक्याची हद्द कुठे दिसते? तिच्या शाळेतली निम्मी मुलं वस्त्यांवरून चालत येतात. माझी भाची तिथेच दुसरीत आहे. त्या नोव्हेंबरात ताईच्या लक्षात आलं की पोरगी संध्याकाळी पाच वाजल्यानंतर पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणाली, “मग रात्री बाहेर जावं लागतं.” त्यांचं संडास-बाथरूम अंगणाच्या पलीकडच्या टोकाला आहे.

ताईनं फोन करून सांगितलं, “तू ते कार्टून करतोस ना, मला बिबट्याचं करून दे. वर्गात दाखवते. पण गोड नको करूस आणि राक्षसही नको.”

एआयकडून पाच मिनिटांत झालं असतं, हे माझ्या ऑफिसातल्या तिघांनी मला सांगितलं. पण तेच तर नको होतं. त्या पट्ट्यात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिबट्यांचा सुकाळ झाला होता. सपाट रंगाचं, जाड रेघेचं, चित्र म्हणून उघड दिसणारं चित्र कुणी ‘आत्ता आपल्या गावात’ म्हणून पुढे पाठवू शकत नाही. त्यात बिबट्या कुठे आहे याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. तो कसा चालतो एवढंच सांगता येतं, आणि ते मात्र खरं असायला पाहिजे.

तर प्रश्न चालण्याचा होता. चालणं हा बिबट्याचा मुख्य धंदा आहे. २००९ साली शेजारच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या माळशेजला सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. गळ्यातल्या कॉलरमुळे ते कळलं. ‘आजोबा’ हा सिनेमा त्याच्यावरच आहे.

इंकस्केपमध्ये दोन आकारांच्या मधले आकार आपोआप काढून देणारी एक सोय आहे. पाय मागे असलेलं एक चित्र आणि पुढे असलेलं दुसरं दिलं, की मधली पाच ते काढतं. बिबट्याच्या पायाला ती चालत नाही, आणि का चालत नाही हे घड्याळावरून कळेल. काटा दहावर आहे आणि आपल्याला तो दोनवर न्यायचाय. काट्याचं टोक खरं तर बाराच्या आकड्याला घासून, गोल फिरून जातं. पण कॉम्प्युटर प्रत्येक बिंदू सरळ रेषेत नेतो. त्यामुळे मधोमध पोचेपर्यंत काटा आखडून बरोबर निम्मा झालेला असतो. पायाचं तेच होतं. प्रत्येक पावलाला मांडी आखडते, पुन्हा लांबते, आणि जनावर रबरी होतं. हाताचा अंगठा चुकवून चालत नाही. मधली चित्रं आपणच बघून काढायची.

बघायचं कुणाकडे? मांजर वाघाची मावशी, ती इथे खरोखर कामाला आली. आमच्या गोठ्यातली बोकी गव्हाणीच्या कडेवरून रोज चालते. तिचा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, चौकटी सुट्या केल्या आणि सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवून वरून रेषा ओढल्या. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. क्रम हाच. मागचा पाय पुढच्या पायानं नुकत्याच सोडलेल्या जागेवर पडतो. म्हणून ठसे मोजके दिसतात आणि पालापाचोळ्यात आवाज होत नाही. डोकं एका पातळीत राहतं, जणू डोक्यावर तांब्या आहे. वरखाली होतात ते खांदे, आळीपाळीनं, पाठीच्या रेषेच्याही वर. खांदे केले आणि चित्रातलं मांजर एकदम बिबट्या झालं. त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून खाली आलो आणि गोठ्याचा दिवा लावूनच झोपलो.

ठिपके ही दुसरी डोकेदुखी. प्रत्येक चित्रात ते नव्यानं काढले तर हलताना मुंग्यांसारखे वळवळतात. म्हणून धड एकदाच काढलं आणि पुढच्या अकरा चित्रांत त्याचे क्लोन वापरले. क्लोन म्हणजे मूळ चित्राची सावली, मूळ बदललं की सगळ्या सावल्या बदलतात. पायांवर ठिपके काढलेच नाहीत. आणि मग लक्षात आलं की रात्रीच्या प्रसंगात तर ते कुठेच नकोत. आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी आयुष्यात तो सहा-सात वेळा पाहिलाय आणि एकदाही त्यांना ठिपके दिसलेले नाहीत. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे आणि मागे उसापेक्षा काळं काहीतरी. रात्रीचा बिबट्या मी एकाच रंगात केला. फाइल निम्मी झाली आणि चित्र खरं झालं.

सगळं मिळून चाळीस सेकंदांचं. अंधारात एकट्यानं बाहेर जायचं नाही. मोठ्यांना उठवायचं, त्यांनी रागवायचं नाही. बॅटरी, मोठ्यानं गप्पा, मोबाइलवर गाणं. उघड्यावर वाकून बसलेलं माणूस त्याला छोट्या जनावरासारखं दिसतं, म्हणून उभं राहायचं. दिसलाच तर पळायचं नाही, दगड मारायचे नाहीत, त्याला जायला वाट द्यायची. वनखातं जे सांगतं तेच.

शाळेच्या टीव्हीवर ताईनं ते लावलं तेव्हा मी मागे उभा होतो. मुलं पहिल्यांदा हसली, कारण चित्रातल्या मास्तरांचं पोट मोठं होतं. बिबट्या चालायला लागला तशी गप्प झाली. एक पोरगा म्हणाला, “असाच जातो. आमच्या बांधावरनं.” भाचीनं घरी आल्यावर विचारलं, “मामा, तो आपल्याकडं बघत का नाही?” मी तो एका कडेकडून दुसऱ्या कडेला नुसता पार केला होता. तिचं म्हणणं असं, की तो बघतो. थांबतो, बघतो, मग जातो. वस्तीवरच्या सगळ्यांनी तिला तसंच सांगितलेलं.

तेव्हा दोन चित्रं वाढवली. एकात मान वळते, दुसऱ्यात पूर्ण समोर. हे दुसरं मी अठरा वेळा तसंच ठेवलं, म्हणजे दीड सेकंद. न हलण्याला कष्ट पडत नाहीत, एकच चित्र पुन्हा पुन्हा लावायचं. आणि वर्गात सगळ्यात जास्त शांतता त्या दीड सेकंदात असते. मग तो मान फिरवून जातो. भाची आता पाचनंतर पाणी पिते, पण उठवते मात्र दोघांना, आई आणि बाबा दोघंही लागतात. दाजी कुरकुर करतात, पण उठतात.

शिरूरला आण्णांना दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, चालण्यावर मान हलवली. मग म्हणाले, “वाकू नका म्हणतोस. आरं, वाकल्याशिवाय दारं कसं धरायचं?”

शेतीची थ्री-फेज वीज पाळीनं येते, आणि पाळी रात्रीची असली की ऊस रात्रीच भिजतो. मोटर चालू झाली की माणूस पाटावर. एक सरी भरली की फावड्यानं तिचं तोंड बांधायचं, पुढचीचं मोडायचं. चिखलात, अंधारात, उसाच्या भिंतीला पाठ करून, एकट्यानं, दर पाच-दहा मिनिटांनी वाकायचं. मोबाइलवर गाणं लावतात, पण वाकायचं ते वाकायचंच. दिवसा वीज द्या, ही या भागातली मागणी बिबट्याच्या आधीपासूनची आहे. आता तिच्यात जिवाची भर पडलीय.

मी ते दृश्यही केलंय. नऊ चित्रं. त्यासाठी आण्णांना दिवसा पाटावर उभं करून व्हिडिओ काढला. कमरेतून वाकताना पाठीचं टोक घड्याळाच्या काट्यासारखंच गोल फिरतं, म्हणून मधली सगळी हातानं काढली. माणूस वाकतो, फावडं लागतं, पाणी वळतं, माणूस उभा राहतो, पुन्हा वाकतो. मागे ऊस, क्लोन केलेला. बिबट्या त्यात घातलेला नाही. ताईनं ते चाळीस सेकंदांच्या शेवटी जोडून घेतलंय, पण खाली कोणती सूचना लिहायची ते तिलाही सुचलेलं नाही आणि मलाही. बाकी सगळ्या दृश्यांखाली मोठ्या अक्षरात एकेक ओळ आहे. याच्याखाली सध्या पट्टी कोरी आहे.