आम्ही हसलो, त्याची गोष्ट

न समजलेल्या गोष्टीला हसणे यासारखे सोपे काम जगात दुसरे नसेल. त्याला ना अभ्यास लागतो, ना धैर्य. शेजारचा हसला की आपणही हसावे, एवढे पुरते. हे सोपे काम आम्ही दहा जणांनी गेल्या डिसेंबरात भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये मोठ्या उत्साहाने पार पाडले. त्याची हकीकत शाळेच्या वार्षिकात द्यावी, असे आम्हांला वाटले. जे शिकण्यासाठी आम्हांला नागपूरहून सुमारे चारशे किलोमीटर जावे लागले, ते आमच्या बंधुभगिनींना घरबसल्या मिळाले तर बरेच.

निघालो तेव्हा आम्ही अकरा होतो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण होऊन इंटरमिजिएटची तयारी करणारे आठ मुलगे आणि तीन मुली. 'आधुनिक कला' या विषयावर आम्हांला काहीतरी सांगावे, असे चित्रकलेच्या सरांच्या मनात फार दिवस होते. परंतु वर्गात त्यांनी तो विषय काढला की आमच्यापैकी कोणीतरी "सर, असली चित्रे तर आमचा धाकटा भाऊही काढतो," असे म्हणे आणि तास हशात बुडून जाई. शेवटी सर म्हणाले, "चला, भोपाळला जाऊ. तेथील भारत भवन पाहू. मग काय हसायचे ते हसा."

आमचा मुक्काम अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटपासून पायी पाच मिनिटांवर, सरांच्या एका स्नेह्यांच्या घरी होता. घर मराठी. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा सचिवालयाच्या कागदपत्रांबरोबर नागपूरची कितीतरी कुटुंबेही इकडे आली. काकूंचे सासरे त्यांपैकीच एक. त्यामुळे आम्ही नागपूरचे म्हटल्यावर काकूंना माहेरची माणसे आल्यासारखे झाले. त्यांचे मराठी मधूनमधून हिंदीत शिरे आणि पुन्हा परत येई. ते ऐकताना आम्हांला मौज वाटे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सरांनी आम्हांला बाजारात नेले. हाटाचा दिवस होता. मटाराच्या शेंगांचे हिरवे ढीग, पेरू, मुळ्याच्या जुड्या, उकडलेले शिंगाडे, दिव्यांचा झगझगाट आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या! सरांनी प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली आणि सांगितले, "येथून जे दिसते, त्यातील एकच वस्तू निवडा. पंधरा मिनिटे नुसती पाहा, मग काढा."

खरे सांगायचे तर आम्ही दहांपैकी एकानेही पंधरा मिनिटे पाहिले नाही. भाजीवाली कशी काढायची, हे परीक्षेच्या तयारीत आमच्या हाताला पाठ झाले होते. डोक्यावर पदर, पुढ्यात टोपली, हातात तागडी. समोरच्या बाईच्या डोक्यावर पदर नव्हता आणि तिच्यापुढे टोपलीऐवजी प्लॅस्टिकचे कॅरेट होते, हे आम्हांला दिसलेही नाही. दहा वह्यांत दहा सारख्याच भाजीवाल्या अवतरल्या.

अकराव्या वहीत मात्र केवळ वर्तुळे होती. बाहेर वर्तुळांचा एक मोठा चौकोन, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान, आणि अगदी मध्यभागी एकच गडद नारिंगी वर्तुळ. माणूस नाही, दुकान नाही, काही नाही. ही वही आमच्या एका मैत्रिणीची. ती मुळात अबोल. "अगं, हाट काढायला सांगितला होता, ठिपक्यांची रांगोळी नव्हे!" असे एक जण म्हणाला. दुसऱ्याला त्यात कॅरमच्या सोंगट्या दिसल्या. मग काय, आम्ही पोट धरधरून हसलो. तिने काही उत्तर दिले नाही. वही मिटली आणि ती सरांच्या हाती दिली. सर सर्व ऐकत होते. तेही काही बोलले नाहीत.

रात्री जेवणे झाल्यावर सरांनी पिशवीतून तीन छापील चित्रे काढून आमच्यापुढे ठेवली.

पहिले चित्र धुक्यातील बंदराचे. निळसर राखाडी पाणी, दोन-तीन नावांच्या काळसर खुणा आणि तांबडा सूर्य. हे क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली पाहिलेले ल हाव्र बंदर. १८७४ साली पॅरिसमध्ये ते प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्याची भरपूर टिंगल केली. भिंतीला चिकटवण्याचा अर्धवट कागदसुद्धा याहून पुरा असतो, असे त्याने लिहिले. चित्राच्या नावात 'इम्प्रेशन', म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द होता; तोच पकडून त्याने त्या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून हिणवले.

दुसरे चित्र टोपी घातलेल्या एका स्त्रीचे, आंरी मातीसचे, १९०५ सालचे. चेहऱ्यावर हिरवा रंग! त्या वर्षीच्या प्रदर्शनात मातीस आणि त्याच्या सोबत्यांचे भडक रंग पाहून लुई व्होसेल या टीकाकाराने त्यांना 'रानटी श्वापदे' म्हटले. फ्रेंच भाषेत 'फोव्ह', म्हणून 'फोव्हिझम'. तिसऱ्या चित्रात डोंगरउतारावरची घरे होती. ना दारे, ना खिडक्या, जणू खोकीच रचून ठेवलेली. जॉर्ज ब्राकने ती १९०८ साली लेस्ताक या गावी काढली. पुन्हा तोच व्होसेल म्हणाला की, हा गृहस्थ सर्व काही घनाकृती, म्हणजे 'क्यूब' करून टाकतो. त्यातून 'क्यूबिझम' हे नाव रूढ झाले. ब्राक आणि त्याचा मित्र पिकासो यांना पडलेला प्रश्न मात्र गंभीर होता. एखादी वस्तू नेहमी एकाच जागेवरून का पाहायची? समोरून, बाजूने, वरून जे दिसते, ते एकत्र का मांडू नये?

"तीन चळवळी," सर म्हणाले, "आणि तिन्हींची नावे हसणाऱ्यांनी ठेवलेली. त्या चित्रकारांची चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. हसणाऱ्यांची नावे मात्र केवळ ते हसले म्हणून लक्षात राहिली." एवढे बोलून सर झोपायला गेले. आमच्यापैकी कोणाचेही नाव त्यांनी घेतले नव्हते. तरी आमच्या माना खाली गेल्या.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली, ती आम्हांला सकाळी कळली. आमच्या त्या मैत्रिणीने आपली रंगपेटी काकूंच्या लहान नातीला देऊन टाकली होती. "मला आता लागणार नाही," एवढेच ती म्हणाली होती. इंटरमिजिएटला बसायचे नाही, असे तिने ठरवले होते. हे ऐकून सकाळचे पोहे आणि जिलेबी आमच्या घशाखाली उतरेनात. क्षमा मागावी, तर काय म्हणून मागावी? तिचे चित्र अजूनही आम्हांला समजलेले नव्हते. न समजता केलेली स्तुती ही न समजता केलेल्या थट्टेपेक्षा काही फार वेगळी नव्हे, एवढे आम्हांला कळत होते.

भारत भवन मोठ्या तलावाच्या काठी, उतारावर आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी त्याची रचना केली आणि १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मोठी इमारत म्हणजे उंच चढत जाणारी, अशी आमची समजूत. येथे उलट प्रकार! आपण वरून आत शिरतो आणि अंगणाअंगणांतून पायऱ्या उतरत तलावाकडे जातो. तेथील 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची घडण चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी केली. शहरातील शिकलेल्या चित्रकारांची कला आधुनिक आणि आदिवासींची तेवढी जुनीपुराणी, हा भेद त्यांना मान्य नव्हता. आज जो जिवंत माणूस चित्र काढतो, तो आजचाच कलावंत, असे ते मानीत. म्हणून येथे दोन्ही प्रकारची कला एकाच छपराखाली नांदते.

सरांनी नियम घातला : चित्राखालील पाटी वाचायची नाही, आणि एका चित्रापुढे एक तास बसायचे. आमच्या वाट्याला हरणाचे चित्र आले. पाच मिनिटांत आम्ही म्हणालो, "झाले पाहून." सर शांतपणे म्हणाले, "अजून पंचावन्न मिनिटे आहेत."

प्रथम कंटाळा आला. मग करण्यासारखे दुसरे काही नाही, म्हणून आम्ही पाहू लागलो. हरणाचे अंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरले होते. सगळीकडे सारखेच ठिपके, असे आधी वाटले होते. पण मानेवर ते दाट होते, पोटावर विरळ, आणि पाठीच्या वळणाबरोबर त्यांच्या रांगाही वळत होत्या. शिंगांना फांद्यांसारखे फाटे फुटले होते. शिंग कोठे संपते आणि झाड कोठे सुरू होते, हे काही केल्या ठरवता येईना. "शिंगाला कोठे पाने येतात?" असे कोणीतरी कुजबुजले; पण या वेळी कोणी हसले नाही. अर्ध्या तासानंतर आमच्यातील एक जण म्हणाला, "मागच्या वर्षी पेंचच्या जंगलात आपण चितळ पाहिले, ते आठवते? आधी नुसत्या फांद्याच दिसत होत्या. त्या हलल्या, तेव्हा कळले की ती शिंगे आहेत." आम्ही सर्व गप्प झालो. चित्रकाराने चुकीचे काहीच काढले नव्हते. जंगलात उभे राहून जसे दिसते, तसेच त्याने काढले होते. आम्ही मात्र पाठ्यपुस्तकातले हरीण शोधीत होतो.

तास संपल्यावर पाटी वाचली. चित्रकार जनगढसिंह श्याम. मंडला जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या दिंडोरी जिल्ह्यातील, पाटनगढचे परधान गोंड. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे वाद्य वाजवून ते देवांच्या आणि राजांच्या कथा गात. १९८०च्या सुमारास पाटनगढला घराच्या भिंतीवरील जनगढ यांची चित्रे स्वामिनाथन यांच्या माणसांच्या नजरेस पडली आणि हा तरुण भोपाळला आला. गाण्यातले देव आणि रानातले प्राणी त्याने कागदावर उतरवले. पुढे भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही त्याने रंगविल्या, आणि १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला. परंतु त्याची रीत आज 'जनगढ कलम' या नावाने अनेक जण चालवीत आहेत.

दुपारी तलावाकडील पायऱ्यांवर बसून सरांनी त्याच मंडला जिल्ह्यातील आणखी एकाची गोष्ट सांगितली. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली बाबरिया येथला. प्राथमिक शाळेत असताना त्यांचे चित्त स्थिर नसे. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे रझा आमच्याच नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९४७ साली गोव्याचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे गाडे, शिल्पकार बाकरे आणि आरा यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारला. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि अनेक दशके तेथे राहिले. जग हिंडून झाल्यावर, वयाच्या साठीच्या आसपास, त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी एक काळा बिंदू येऊन बसला आणि मग तो हललाच नाही. २०१६ साली ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. "गुरुजींनी दिलेला ठिपका," सर म्हणाले, "त्यांनी जन्मभर पाहिला."

'ठिपका' हा शब्द ऐकताच आम्ही सर्वांनी एकदम आमच्या मैत्रिणीकडे पाहिले. ती तलावाकडे पाहत होती.

संध्याकाळी आम्ही पुन्हा बिट्टन मार्केटमध्ये गेलो. त्या दिवशी हाट नव्हता, पण फळवाले आपापल्या जागी होते. सर म्हणाले, "काल ज्याने जेथे बसून चित्र काढले, ती जागा आज दुसऱ्याने घ्यावी." आमच्या मैत्रिणीची जागा म्हणजे एका बंद दुकानाचा उंच ओटा. आमच्यापैकी एक जण त्यावर चढला, खाली पाहू लागला आणि नुसता उभाच राहिला. मग हाताने त्याने दुसऱ्याला बोलावले. असे एकेक करून आम्ही दहाही जण त्या ओट्यावर चढलो.

ओट्याच्या पायथ्याशी, जमिनीलगतच्या फळीवर, संत्र्यांची रास रचली होती. तळाशी पाच-पाचांच्या पाच रांगा, त्यावर चार-चारांच्या चार, मग तीन, मग दोन, आणि शिखरावर एकच संत्रे. गणिताच्या तासाला करतो तशी बेरीज केली, तर पंचावन्न. वरून पाहताना बाहेर वर्तुळांचा मोठा चौकोन, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान, आणि अगदी मध्यभागी दिव्याच्या उजेडात चमकणारे एकच नारिंगी वर्तुळ. तिचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे होते! आणि खाली फळवाला ओरडत होता, "नागपूर का संतरा! नागपूर का संतरा!"

नागपूरच्या दहा मुलांना नागपूरचे संत्रे ओळखता आले नव्हते. त्या क्षणी आमची जी अवस्था झाली, तिचे वर्णन न केलेलेच बरे.

आता आम्हांला क्षमा मागता आली, कारण कशाची मागायची ते आता कळले होते. ओट्यावरून उतरून आम्ही तिला म्हणालो, "तू पाहिलेस, आम्ही पाहिलेच नाही." ती जरा वेळाने म्हणाली, "एका गिऱ्हाइकाने वरचे संत्रे उचलले, तेव्हा सगळी रासच विस्कटल्यासारखी वाटली. मग त्यांनी तेथे दुसरे ठेवले, आणि ती पुन्हा नीट झाली. म्हणून मी मधले सर्वांत गडद केले." पंधरा मिनिटे पाहायचे, ही सरांची आज्ञा आमच्यापैकी एकीनेच पाळली होती.

रंगपेटी परत घेण्याचा प्रश्न नव्हता. लहान मुलीला दिलेली वस्तू कोणी मागत नाही, आणि तोवर त्या नातीने काकूंच्या भिंतीवर बरेच आधुनिक चित्रण केलेही होते. आम्ही दहा जणांनी खाऊचे उरलेले पैसे एकत्र केले आणि बाजारातूनच नवी पेटी घेतली. तिने ती एकदम घेतली नाही. प्रथम तिने आम्हांला प्रत्येकाला ती रास पुन्हा एकदा काढायला लावली. आम्ही काढली. दहांपैकी सात चित्रांत मधले वर्तुळ चुकले!

आमची मैत्रीण यंदा इंटरमिजिएटला बसत आहे. तिचे ते चित्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. नवा विद्यार्थी आला की "ही रांगोळी कोणाची?" असे हमखास विचारतो आणि हसतो. आम्ही त्याच्यावर रागावत नाही. त्याला बाकावर उभे करतो आणि बाकाखाली संत्री रचून दाखवतो.

हा लेख आम्ही दहा जणांनी लिहिला आहे. अकरावीने तो वाचून छापण्यास अनुमती दिली, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत.