बैठक

सिंहासनापासून शाळेतल्या बाकापर्यंत मनुष्याने बसण्यासाठी नाना प्रकारची आसने निर्माण केली. परंतु ज्यावर आपण रोज बसतो त्याच्या खाली काय आहे, हे वाकून पाहण्याची बुद्धी त्याला क्वचितच होते. आम्हांलाही ती झाली नव्हती. ती व्हावयास आमच्या मामांची मोटार नादुरुस्त व्हावी लागली. आणि तीही इंजिनात नव्हे, बैठकीत!

मामा म्हार्दोळचे. उमेदीची वर्षे मुंबईच्या नोकरीत घालवून ते गावी परतले, तेव्हा त्यांच्यासोबत एक तांबडी, बुटकी, दोनच माणसांची विलायती मोटार आली. एम.जी.बी. हे तिचे नाव. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. मामांची मोटार १९७१ सालची. शर्यतीच्या थाटाची ही मोटार जमिनीला इतकी लगटून धावते की, लहानपणी तीत बसलो म्हणजे रस्त्यावरचे खडे हाताने वेचता येतील असे आम्हांस वाटे.

गेल्या वर्षी मामांनी आपल्याच फाटकाचा चिऱ्याचा खांब घासला. त्यांचे वय ७८. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टी चांगली असल्याचा निर्वाळा दिला. पण आम्हांस तो पटला नाही. ‘पुढचे नीट दिसत नाही’ असे मामाच म्हणत होते ना? त्याआधी बसायला त्रास होतो म्हणाले, तेव्हा आम्ही एक नक्षीदार उशी आणून दिली होती आणि भाच्याचे कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले होते. आता आम्ही वयाच्या चार गोष्टी ऐकवून किल्ली मागून घेतली. मामा काही बोलले नाहीत. किल्ली आमच्या तळहातावर ठेवून ते परसात निघून गेले. निकाल देण्यापूर्वी पुरावा पाहावा, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्या दिवशी आम्ही तो पाहिला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मामी म्हणाल्या, “गाडी पडून आहे, निदान फाटलेली बैठक तरी शिवून आण.” बैठकीचे बोल्ट गंजून धरले होते. रात्रभर तेल पाजले तेव्हा कोठे ते हलले. मोडीत निघालेल्या एखाद्या नव्या मोटारीची बैठक आणून बसवावी, असे मामेभावाने सुचवले. फोंड्याच्या कारागिराने फीत लावून तो बेत मोडून काढला. ती बैठक उंच होईल, गुडघे चक्राला अडतील, शिवाय तिचे रूळ जुळवण्यासाठी तळाच्या पत्र्याला नवी भोके पाडावी लागतील, असे त्याचे म्हणणे.

“मग वरचे रेक्झिन तेवढे बदला,” आम्ही म्हणालो.

त्याने उत्तर न देता जुने आवरण उसवले. आतला फोम पिवळ्या भुकटीसारखा हाताला लागला. उष्णता आणि दमट हवा यांनी तो वर्षानुवर्षे आतून जिरत गेला होता. फोमखाली लोखंडी चौकटीला आकड्यांनी ताणून धरलेला रबराचा एक पडदा असतो. बसणाऱ्याचा सारा भार तोच पेलतो. तो सुकून तडकला होता आणि दोन कोपऱ्यांत फाटून खाली लोंबत होता.

“मास्तर, वयलें बदलून कितें जातलें?” कारागीर म्हणाला. “सकयल आदार ना!”

आम्ही गप्प झालो. मामा इतके दिवस त्या खळग्यात बसत होते. आमची नक्षीदार उशीदेखील त्यांच्यासह त्याच खळग्यात रुतत होती. त्यांची दृष्टी मंदावली नव्हती. ते स्वतःच खाली गेले होते.

कारागिराने चौकटीवर रबरी पट्टे आडवे-उभे विणून ताणले. फोम घासून झिजू नये म्हणून त्यांवर गोणपाट पसरले आणि मग घट्ट फोमची लादी कापली, मांड्यांना आधार मिळावा म्हणून पुढे किंचित उंच, मागे उतरती. जुन्या आवरणाचे तुकडे सुटे करून त्यांच्याच मापाने नवे रेक्झिन बेतले. मात्र शिवण्यापूर्वी त्याने हात थांबवला. “जो बसतलो, ताका हाड,” तो म्हणाला.

उघड्या फोमची ती बैठक आम्ही मोटारीत तात्पुरती बसवली आणि मामांना बोलावले. ते नाखुशीनेच आले, हळूच आत बसले, चक्र धरले. क्षणभर त्यांनी समोर पाहिले.

“आतां म्हाका फुडलो रस्तो दिसता,” ते म्हणाले.

आम्हांस त्यांच्याकडे पाहवेना.

आठवड्याने बैठक तयार झाली. रेक्झिन उन्हात तापवून ताणल्यामुळे तिच्यावर एकही सुरकुती नव्हती. आम्ही किल्ली मामांच्या हातात परत दिली आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. त्यांनी आम्हांस शेजारी बसवून मंगेशीपर्यंत फेरी मारली. परतताना मोटार फाटकातून खांबाला न घासता आत आली. इंजिन बंद करून मामांनी किल्ली काढली आणि आमच्या तळहातावर ठेवली. “घे. आतां तूं चलय.”

किल्ली तीच होती, तळहातही तोच. पण मागे आम्ही ती घेतली होती, या वेळी मामांनी ती दिली होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी फळ्यावरचे उदाहरण चुकीचे उतरवून घेत होता. त्याला रागावण्यासाठी आम्ही तोंड उघडले, आणि थांबलो. त्याच्या बाकाशी जाऊन, त्याच्या शेजारी बसून समोर पाहिले. पुढच्या उंच मुलांच्या डोक्यांआड अर्धा फळा झाकला होता.