काळ्या दगडाचे पाणी

गोंदिया शहर संपते कोठे आणि फुलचूर सुरू होते कोठे, हे हल्ली नवख्या माणसास सांगता येणे कठीण आहे. एका अंगाला भाताच्या गिरण्या, तुसाचे ढीग आणि पोती लादलेल्या मोटारी. दुसऱ्या अंगाला दृष्टी पोहोचेपर्यंत भाताच्या बांध्या, मधूनमधून एखादी बोडी, आणि बांधावर उभे असलेले मोहाचे झाड. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा झाला. परंतु जमिनीचा पोत व तलावांचा सोस पाहता ही दोन्ही भावंडे एकाच घरची आहेत, हे चटकन ध्यानी येते. ताडोबा किंवा नागझिरा पाहावयास निघालेला प्रवासी फुलचुरास थांबत नाही. थांबावे असे प्रेक्षणीय येथे काही नाही. आम्ही थांबलो ते एका आप्तांसाठी. निवृत्तीनंतर ते येथे घर बांधून राहिले आहेत.

हे गृहस्थ भू-रसायनशास्त्रज्ञ. खाणीतून धातू काढून घेतल्यावर जो टाकाऊ दगडमातीचा डोंगर मागे उरतो, त्यावर पडलेले पावसाचे पाणी आपल्याबरोबर काय घेऊन जाते व ते कोणाच्या विहिरीत जाऊन मुरते, हे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. व्यवसायाचे नाव भारदस्त असले तरी हत्यारे साधी: बाटल्या, गाळणी, नत्राम्लाची कुपी, पाण्याची आम्लता मोजण्याचे यंत्र आणि एक वही. ती वही मात्र ते कोणाच्या हाती देत नाहीत.

फुलचुरात खाण नाही. परंतु या टापूच्या उशापायथ्याशी मँगनीजचा पट्टा पसरलेला आहे. नागपूर, भंडारा व बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जाणारी ही काळ्या दगडाची माळ साहेबाच्या नजरेस पडली ती गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच. १८९६ साली विलायतेतील भांडवलदारांनी एक मंडळी काढली. तीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ साली सरकारने तीत बहुमत घेऊन मॉयल ही संस्था उभी केली आणि १९७७ साली उरलेला हिस्साही घेतला. भूगर्भखात्यातील लुइस फर्मर यांनी हा सारा प्रदेश पालथा घालून १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. या खाणींच्या परिसरात आढळणाऱ्या एका खडकास त्यांनी येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. जगभरच्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत आज ते नाव आहे. ज्यांच्यावरून ते पडले त्यांच्यापैकी किती जणांस ते ठाऊक असेल, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने तुमसर रोडला उतरलो व तेथून मोटारीने डोंगरी बुजुर्गकडे गेलो. ही उघडी खाण आहे. येथील मँगनीजपासून विजेच्या कोरड्या घटांना लागणारा डायॉक्साइड तयार होतो; अर्थात आपल्या घरच्या विजेरीत या डोंगराचा चिमूटभर अंश असणे अशक्य नाही. हद्दीबाहेरच्या रस्त्यावरून दिसत होते ते टाकाऊ मालाचे ढीग, पायरीपायरीने रचलेले. आम्ही मोठ्या उत्साहाने एक काळा दगड उचलला. यजमान हसून म्हणाले, “तो निरुपद्रवी आहे. दगड दगडाच्या जागी असतो तोवर कोणाचे काही बिघडवीत नाही. पाणी कोठून कोठे जाते ते पाहा.” आणि ते रस्त्याकडेच्या नालीकडे वळले.

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. खाणींचे कचरे सारखे नसतात. बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंड येथे तांब्याची खाण आहे, १९८२ साली उघडी खाण म्हणून सुरू झालेली. तेथील खडकात गंधक लोहाशी व तांब्याशी जोडलेले असते. त्यास हवा व पाणी लागले की गंधकाम्ल बनते, आणि ते आम्ल दगडातील इतर धातूंनाही विरघळवून पाण्यात आणते. डोंगरीचे मँगनीज मात्र आधीच प्राणवायूशी बांधलेले. उघड्या हवेत ते सहसा हलत नाही. ते हलते जेथे प्राणवायू संपतो तेथे. तेव्हा त्या दोन ढिगांकडे एकाच नजरेने पाहणारा मनुष्य दोहोंविषयीही चुकीचे बोलेल. मलाजखंडचे पाणी बंजर नदीने नर्मदेस व तेथून पश्चिम समुद्रास जाते. इकडचे वैनगंगेने पूर्व समुद्रास. शेजारच्या दोन खाणी, पण त्यांची पापे (असली तर) दोन निरनिराळ्या समुद्रांत धुतली जातात!

ढिगांवर काही उपाय नाही असेही नव्हे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ साली निघाली, तेथील डॉ. आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींच्या उजाड ढिगांत साखर कारखान्यातील गाळ व मुळांना साह्य करणारे सूक्ष्म जीव मिसळून त्यांवर झाडे वाढविली. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर हा प्रयोग झाला. झाडाने ढीग नाहीसा होत नाही. मुळांनी माती धरून ठेवली म्हणजे पावसाबरोबर ती वाहून जात नाही, एवढेच. आमच्या मते ते ‘एवढेच’ फार मोठे आहे.

फुलचुरास परतल्यावर संध्याकाळी घरातील सूनबाईंनी एक हंडा पुढे आणून ठेवला. “मामंजी, हे पाहा. विहिरीचे पाणी काढताना काचेसारखे स्वच्छ असते. आणि हंड्याच्या आत ही काजळी धरते. नव्या घागरीत धरत नाही, ह्या जुन्यातच. तुम्ही आज डोंगरीस गेला होता ना? हे तिथलेच पाणी असणार.” त्यांच्या कडेवर पाच महिन्यांचे मूल होते, वरच्या दुधावर वाढणारे. प्रश्न हंड्याचा नव्हता, हे आम्ही सर्वच जाणून होतो.

यजमान म्हणाले, “डोंगरीचे पाणी आपल्या विहिरीत यावयाचे तर त्याला मधली वैनगंगा ओलांडावी लागेल, सूनबाई. ते काही पोहून येत नाही. पण तुझी काजळी खरी आहे.” आणि त्यांनी बोट दाखविले ते विहिरीपलीकडच्या भाताच्या बांधीकडे. रोवणीनंतर तीनचार महिने बांधीत पाणी तुंबते. मातीतील सूक्ष्म जंतू त्यातील प्राणवायू संपवितात, मग नत्रयुक्त क्षारांतील प्राणवायू घेतात, आणि तोही सरला की मातीतल्या मँगनीजकडे वळतात. बांधलेले मँगनीज तेव्हा सुटते व रंगहीन होऊन पाण्यात उतरते. लोह हवा लागताच तांबूस होऊन खाली बसते. मँगनीज हट्टी, त्यास जुन्या काळ्या थराचा किंवा जंतूंचा आधार लागतो, म्हणून जुना हंडा काळवंडतो व नवी घागर कोरी राहते. या टापूच्या मातीत थोडेफार मँगनीज निसर्गतःच असते. त्यासाठी कोणी खाण खणावी लागत नाही.

“माझ्या साऱ्या नोकरीत,” ते म्हणाले, “धातू सापडणे कधीच अवघड गेले नाही. तो खाणीने आणला की आधीपासून होता, हे ठरविणे अवघड. खाणवाले म्हणत, सगळे निसर्गाचे. गावकरी म्हणत, सगळे खाणीचे. खाणीच्या वरच्या अंगाचे पाणी कोणी तपासलेलेच नसे.”

पाण्यातील मँगनीजविषयी पुष्कळ काळ लोक निर्धास्त होते. १८३७ साली स्कॉटलंडात कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या मजुरांची चाल बिघडते असे नोंदले. पण तो धुळीचा रोग. पिण्याच्या पाण्यास भारतीय मानकाने लिटरमागे ०.१ मिलिग्राम ही मर्यादा घातली आहे, दुसरे पाणी नसेल तर ०.३ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ०.०८ हा तात्पुरता आकडा दिला, तो विशेषतः बाटलीने दूध पिणाऱ्या अर्भकांकडे पाहूनच. पाणी उकळून धातू जात नाही. उलट पाणी आटते आणि तो थोडा दाटच होतो.

हे ऐकताच सूनबाईंनी बाळाच्या दुधासाठी गोंदियातील माहेरून नळाचे पाणी आणण्याचे ठरविले. ते पाणी डांगोर्लीजवळ वैनगंगेतून उचलतात, आणि त्याच्या वरच्या अंगाला बालाघाटची भरवेलीची खोल खाण आहे, ही गोष्ट आमच्या तोंडून निघून गेली. यजमानांनी मान हलविली. नदी मोठी आहे, तिचे पाणी शुद्ध करून व तपासून सोडतात, तेव्हा आजच्या घटकेस विहिरीपेक्षा तेच बरे; पण तेही आपण तपासून घेऊ, म्हणाले.

पहाटे आम्ही उठलो तेव्हा ते विहिरीवर होते. पोहरा बराच वेळ ओढून साचलेले पाणी त्यांनी काढून टाकले, नंतरचे पाणी बारीक गाळणीतून गाळले, त्यात नत्राम्लाचे थेंब टाकले, म्हणजे वाटेत धातू बाटलीच्या काचेस चिकटणार नाही. एक बाटली विहिरीची, एक बांधीची, एक शेजारच्या उंच भागातील विहिरीची, जेथे भात लागत नाही. आणि एक गोंदियाच्या नळाची. प्रत्येकीवर तारीख, वेळ व जागा लिहिली. मग वही मिटून त्यांनी सूनबाईंना सांगितले की, कापणीनंतर एकदा आणि पुढल्या रोवणीनंतर एकदा, अशा आणखी दोन खेपा घ्याव्या लागतील. तोवर हंडा घासून ठेवावा, पण त्याच जागी ठेवावा.