भरधाव

निकालाच्या यादीत इतरांच्या नावापुढे तास, मिनिटे आणि सेकंद आहेत. माझ्या नावापुढे तीन रोमन अक्षरे आहेत : डीएनएफ. शर्यत पूर्ण केली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. का केली नाही, याच्याशी यादीला कर्तव्य नसते. पायात गोळे आलेले, सायकल पंक्चर झालेले आणि मोटारीला धडकलेले, सर्वांना एकच शेरा. अपूर्ण राहिलेल्या कृतीलाही स्वतःचा एक आकार असतो, असे गेली अठरा वर्षे मी एम.ए.च्या वर्गाला सांगत आले आहे. तो आकार स्वतःच्या नावापुढे पाहिला तेव्हा मात्र मुळीच आवडला नाही.

ही गोष्ट डिसेंबर २०२२ मधली. आजवर ती मी अनेकदा सांगितली आहे. स्टाफरूममध्ये, लग्नकार्यांत, एकदा तर नेट-सेटच्या मार्गदर्शन वर्गात व्याकरणाचे उदाहरण म्हणूनही. तरी ती पुन्हा लिहावीशी वाटते, कारण तिच्यातले एक वाक्य मी प्रत्येक वेळी गाळत आले आहे.

मराठीची प्राध्यापिका ट्रायथलॉनकडे कशी वळली, याचे उत्तर फारसे काव्यात्म नाही. चाळिशी उलटल्यावर रक्तातली साखर सीमारेषेवर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि चालण्याची सायकल झाली. पोहणे लहानपणीच मामाच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून शिकले होते. धावणे तेवढे नव्याने शिकावे लागले. त्यात या खेळाच्या एका जन्मकथेने मोह घातला. जलतरणपटू अधिक कणखर, धावपटू की सायकलस्वार, असा वाद हवाई बेटांतल्या ओआहूवर रंगला असता अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यावर तोडगा सुचवला : बेटावर वेगवेगळ्या होणाऱ्या तिन्ही शर्यती एकाच दिवशी, सलग करायच्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. फेब्रुवारी १९७८ मध्ये १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे लागली. वाद साहित्य संमेलनाच्या मांडवात होतात तसाच. निकाल लावण्याची रीत मात्र किती सरळ! उरलेल्या तिघांचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

आमची शर्यत त्या मानाने लहान. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा जी अंतरे होती तीच : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. जागा वारणेच्या खोऱ्यातली. तलावाचे पाणी गार होते, पण ते पार पडले. ओल्या पायांत मोजे चढवण्याची झटापटही पार पडली. सायकलीवर बसले तेव्हा नुकते ऊन आले होते आणि अंगात एक अनोळखी हलकेपणा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस. कारखान्यांचा हंगाम चालू होता, शर्यतीसाठी थांबवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरची माणसे आमच्याकडे कुतूहलाने पाहत होती. मोठ्या चौकांत स्वयंसेवक होते. प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी माणूस उभा करणे कोणालाच शक्य नव्हते.

सत्ताविसाव्या किलोमीटरच्या आसपास उसातून एका पांढऱ्या व्हॅनचे नाक बाहेर आले. एवढे दिसले. त्यानंतर दिसले ते आकाश, आणि त्यात वाकून पाहणारा टोपी घातलेला एक घाबरा चेहरा. डाव्या बाजूचे कॉलरबोन मोडले होते. हेल्मेट उभे चिरले होते. हेल्मेटच्या आत थर्मोकोलच्याच जातीचा फेस असतो. तो स्वतः चिरडून डोक्यावरचा आघात पितो, आणि एकदा असा कामी आला की ते हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते.

नंतर रुग्णालयात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले की एकाच घटनेची तीन वाक्ये माझ्याभोवती फिरत आहेत. भाऊ फोनवर प्रत्येकाला सांगत होता, "ताईला गाडीनं उडवलं." व्हॅनचे चालक दाराशी उभे राहून म्हणत होते, "अपघात झाला हो." आणि मी स्वतः रस्त्यावर पडले असता म्हणाले होते, "मला लागलंय." पहिल्या वाक्यात कर्ता आहे आणि तो दोषी आहे. दुसऱ्यात अपघात स्वतःच कर्ता होऊन घडून जातो. तिसऱ्यात मी आहे, पण चतुर्थीत. ज्याला होते त्या जागी, जो करतो त्या जागी नव्हे. आपल्या भाषेत धडक बसते, हाड मोडते, भान जाते, डोळा लागतो. करणाऱ्याला बाजूला ठेवून होणाऱ्याचे बोलण्याची केवढी सोय! वर्गात हे मी भाषेचे मार्दव म्हणून शिकवत असे.

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत हाड मोडणे ही 'गंभीर दुखापत' ठरत असे, त्यामुळे प्रकरण साधे नव्हते. त्यांनी मला चार प्रश्न विचारले, खाली मान घालून बराच वेळ लिहिले आणि वाचून दाखवले. व्हॅनच्या चालकाने आपल्या ताब्यातील वाहन "भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून" चालवले होते. 'रस्त्याच्या' नव्हे, 'रस्त्याचे'! जुन्या दफ्तरी मराठीचे ते रूप कानावर पडताच त्या अवस्थेतही मला बरे वाटले. मग अर्थ ध्यानात आला.

"ते भरधाव नव्हते," मी म्हणाले. "पाणंदीतून गाडी कशी भरधाव येईल?"

"मॅडम, हे असंच लिहायचं असतंय."

"पण ते खरं नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले, उसासा टाकला आणि तेवढे शब्द खोडून बाजूला सही केली. तीन दिवसांनी घरी येताना मला त्या खोडलेल्या शब्दांचा, मोडलेल्या हाडाहूनही जास्त, अभिमान वाटत होता. गोष्ट सांगताना मी नेहमी इथेच थांबते. ऐकणारे कौतुक करतात. भाषेच्या शिक्षिकेने साच्यातल्या शब्दापासून एका माणसाला वाचवले, असा त्याचा नीटस अर्थ लागतो.

त्याच सुमारास एका मित्राने धीर द्यावा म्हणून मला जिम मॅक्लॅरेनची हकिगत सांगितली. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये मोटारसायकलवर असता बसने धडक दिली आणि या तरुणाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून तो ट्रायथलॉनमधला नामवंत खेळाडू झाला. जून १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ट्रायथलॉनमध्ये, सायकलीच्याच टप्प्यावर, त्याला व्हॅनची धडक बसली आणि मानेच्या मणक्याला इजा होऊन हातापायांतली शक्ती गेली. त्याच्या मदतीसाठी मित्रांनी भरवलेल्या शर्यतीतून पुढे अपंग खेळाडूंसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. २०१० साली तो वारला. ऐकून मी गप्प झाले. माझे जेमतेम एक हाड मोडले होते. पण रात्री झोप लागेना ती दुसऱ्याच कारणाने. मला सांगितलेल्या त्या हकिगतीत व्हॅन होती, व्हॅन चालवणारा नव्हता. त्याने त्या दिवशी आपल्या घरी जाऊन काय सांगितले असेल?

माझ्या हकिगतीतला चालक मात्र दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात आला होता. साठीचे गृहस्थ, डेअरीवर दूध घालून येतात. व्हॅन ठाण्याच्या आवारात अडकलेली, म्हणून एसटीने आले होते. पिशवीत माझी रस्त्यावर पडलेली पाण्याची बाटली, धुऊन आणलेली. "ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "बघून बाहेर निघायला पायजे होतं." मी म्हणाले, "असू द्या काका." तक्रार नसल्याचे मी लिहून दिले, पण व्हॅन सुटायला आणखी पाच दिवस गेले. तोवर त्यांचा मुलगा कॅन मोटारसायकलला बांधून दूध घालत होता.

आता ते गाळलेले वाक्य. हवालदारांच्या चार प्रश्नांतला एक असा होता : "धडक बसली तेव्हा तुमचं लक्ष कुठं होतं?" मी म्हणाले, "समोर." ते तसेच जबाबात आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. प्रत्यक्षात माझे लक्ष समोर नव्हते. हँडलवर एक छोटा पडदा असतो, त्यावर वेग दिसतो. त्या क्षणी तिथे ३४ हा आकडा होता, आणि माझ्या आयुष्यात तो सपाट रस्त्यावर प्रथमच आला होता. मी मान खाली घालून तो पाहत होते. एक क्षण नव्हे, बराच वेळ, तो टिकतो का हे पाहत. त्या रस्त्यावर त्या वेळी भरधाव कोणी असेल तर ती मी होते. दुसऱ्याच्या नावावरचा तो शब्द मी मोठ्या तात्त्विकपणे खोडला, तो माझ्या नावावर मात्र लिहू दिला नाही. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना मी दरवर्षी दोन तासिका शिकवते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या पाणंदीवर गेले. तोड होऊन गेली होती. ऊस नसताना तिचे तोंड रस्त्यावरून दोन फर्लांगांवरूनही स्पष्ट दिसते. घर शोधायला वेळ लागला नाही. काकांनी ओळखले, खांद्याची चौकशी केली. मी सगळे सांगितले, आकड्यासकट. ते म्हणतील, जाऊ द्या ताई, हाड जुळलं ना? अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल करते.

ते बराच वेळ अंगणातल्या व्हॅनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग तवाच का न्हाई बोललासा? मी तीन म्हैने गाडीला हात लावला न्हाई."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो आम्ही दोघांनी प्यायला.