फळीवरचा आवाज आणि दारातला आवाज

मोटारीचे स्पीकर दुकानात लाकडी फळीवर ऐकायला मिळतात आणि आयुष्यभर वाजतात ते पत्र्याच्या दारात. या दोन जागांमधला फरक मनात धरून ऐकणे, हे स्पीकर निवडण्यातले मुख्य कौशल्य आहे. पुण्यात नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. अशा बाजारातल्या डिस्प्ले बोर्डावर अनेक जोड्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि बटण फिरवले की एक थांबून दुसरी वाजू लागते.

या जोड्यांचे दोन प्रकार असतात. कोअ‍ॅक्सियलमध्ये वरच्या पट्टीचा छोटा ट्वीटर मोठ्या कोनाच्या मधोमध असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा असून डॅशबोर्डाजवळ बसवता येतो, त्यामुळे गाणे पायाशी न घुमता समोरून येते. दाराच्या स्पीकरचे रूढ माप 6.5 इंच, तर मागच्या फळीवरच्या लंबगोल स्पीकरचे 6 बाय 9 इंच.

खोक्यावर ठळक छापलेले वॉट बहुधा क्षणिक कमाल शक्तीचे असतात. पाहायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती शक्ती. त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. 90 डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला 10 वॉट लागतात, तेवढ्यासाठी 87 डेसिबलच्या स्पीकरला 20 वॉट लागतात. गाडीबरोबर आलेला स्टिरिओ एका वाहिनीला साधारण 15 ते 20 वॉटच देतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा नसेल, तर जास्त संवेदनशील जोडीच घ्यावी.

फळीसमोर सर्वांत मोठी फसगत होते ती संवेदनशीलतेतल्या याच फरकामुळे. बटण फिरवताच अधिक संवेदनशील जोडी मोठ्याने वाजते आणि कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. तो वाढवला की तेच सूर भरीव वाटतात. म्हणून प्रत्येक जोडीसाठी व्हॉल्यूम सारखा करून घ्यावा, बेस आणि ट्रेबल शून्यावर ठेवावेत आणि एका बैठकीत तीन-चारच जोड्या ऐकाव्यात. त्यापुढे कान थकतो आणि चटकदार आवाजाकडे झुकतो.

ऐकायचे काय, याचे उत्तर विक्रेत्याच्या पेनड्राइव्हमध्ये नसते. धमाकेदार गाणी कोणत्याही स्पीकरवर धमाकेदारच वाजतात. ज्या नादाची मूळ ओळख कानाला आहे, तोच कसाला लावावा. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी याच नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. तिथे ऐकलेला टाळ आघातानंतर हळूहळू विरत जातो. हलक्या ट्वीटरवर तो नुसता चरचरतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा खालीवर जायला हवा. प्रत्येक आघात एकाच सुरात ‘धप’ होत असेल, तर तो बेस स्पीकरने स्वतः घातलेला आहे. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात ढोल घुमत असतानाही ताशाची प्रत्येक काडी सुटी कळली पाहिजे.

तंबोरा ही सर्वांत बारीक कसोटी. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर तो सुमारे 139 हर्ट्झचा आणि खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झची. तिथे दारातला 6.5 इंची स्पीकर बहुधा थकू लागतो. तरीही खर्ज ऐकू येतो, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीला हलके घासणाऱ्या तारेच्या झंकारामुळे, उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान मूळ सूर जुळवून घेतो. या जवारीचे शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये मांडले. मधल्या पट्टीत प्रामाणिक असलेला स्पीकर तंबोरा झंकारता ठेवतो, तर अप्रामाणिक स्पीकरवर त्याची नुसती भुणभुण उरते.

निवड झाली तरी काम अर्धेच झालेले असते. फळी जाड आणि घट्ट असते. दाराचा पत्रा पातळ, भोकाभोकांचा आणि थरथरणारा. डँपिंग शीट लावून भोके बुजवली आणि स्पीकरखाली घट्ट रिंग बसवली, की साधी जोडीही बदलून जाते. काचेच्या रबरामधून पावसाचे पाणी दारात उतरतेच, म्हणून कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि फोमपेक्षा रबराची कड टिकाऊ. गाडीची मूळ वायर न कापता कपलरने जोडणी करून घ्यावी.

फिटिंग झाल्यावर पैसे देण्यापूर्वी गाडीतच ऐकावे. एका गायकाचा आवाज मधोमध न येता पसरला आणि बेस पातळ झाला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. मग इंजिन सुरू करून एक फेरी मारावी. टायर आणि रस्त्याची घरघर आधी खालचे सूरच गिळते. त्या घरघरीतही गाण्याचे शब्द स्पष्ट कळले आणि तासाभराने कान शिणला नाही, तर निवड बरोबर ठरली. चांगल्या बसवलेल्या मध्यम किमतीच्या जोडीपुढे निष्काळजीपणे बसवलेली महागडी जोडी टिकत नाही. म्हणून स्पीकरच्या खर्चातच दाराच्या कामाचे पैसे धरावेत.